शिवभोजन थाळी, हडपसर : जाड बाईलाही भूक लागते

सेवा : शिवभोजन थाळी, म्हणजे राज्य सरकारची स्वस्त जेवणाची योजना. ठिकाण : पुण्यात हडपसर भागातलं केंद्र. किंमत : 10 रुपये. माझे गुण : 5 पैकी 4. एक गुण का कापला, ते पुढं येईल.

या थाळीबद्दल लिहिणारे बहुतेक जण दोनच गोष्टी लिहितात. पोट भरतं का, आणि जागा स्वच्छ आहे का. त्या दोन्ही मीही लिहिते. पण ज्या बाईचं वजन 90 किलोच्या वर आहे आणि जिचं खाण्याशी असलेलं नातं बिघडलेलं आहे, तिच्या बाजूनं या थाळीबद्दल कुणी लिहिलेलं मी पाहिलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ताट. 30 ग्रॅमच्या दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 150 ग्रॅम भाताची मूद आणि 100 ग्रॅम वरण. सरकारनं ठरवून दिलेलं माप हे आहे आणि आमच्या केंद्रावर ते पाळतात. चपाती कोमट असते, कधी कडेनं वातड. वरण पातळ असतं पण फोडणी नीट असते, हिंगाचा वास येतो. भाजीत आठवड्यातून बऱ्याचदा बटाटा. कोबी असला तर त्यात हरभरा डाळ घालतात, तो दिवस चांगला. भात मोकळा. ताटं नीट घासलेली, पाण्याचं पिंप झाकलेलं. टोकन घ्यायचं, नाव आणि मोबाईल नंबर सांगायचा, फोटो काढतात, मग रांग. दुपारी बाराच्या आसपास गेलात तर भाजी नक्की मिळते, उशीर केलात तर वरण-भातावर भागवावं लागतं.

ही योजना 26 जानेवारी 2020 ला सुरू झाली. तेव्हा मी लक्ष्मी रोडवर साडीच्या दुकानात काउंटरला होते, डबा घरून न्यायचे, आणि या थाळीची बातमी वाचून पान उलटलं होतं. दोन महिन्यांत टाळेबंदी आली. मार्चअखेर थाळी 5 रुपयांवर आणली, वेळही वाढवून 11 ते 3 केली. आमचं दुकान बंद, पगार बंद. आमचे हे दुसऱ्याची रिक्षा भाड्यानं चालवतात, तीही उभी. घरात आम्ही चौघं, एक खोली, आणि रेशनचं माणशी 5 किलो मोफत धान्य. तांदूळ होता, गहू होता. भाजी नव्हती, दूध चहापुरतं. भूक मारायला 5 रुपयांचा बिस्किटाचा पुडा. त्या काळात पार्ले-जीचा विक्रमी खप झाला असं कंपनीनंच सांगितलं होतं. तो कुणाच्या घरात झाला हे आमच्या गल्लीला ठाऊक आहे. आमच्याकडं तर काही दिवस संध्याकाळचं जेवण तेवढंच होतं.

त्याच महिन्यांत टीव्हीवर रोज सांगत होते की लठ्ठ माणसांना कोरोनाचा धोका जास्त. ते खोटं नव्हतं. लठ्ठपणा असला तर रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचा धोका तिप्पट होऊ शकतो, असं अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं तेव्हा सांगितलं होतं. पण ही माहिती माझ्यापर्यंत आली ती नातेवाइकांच्या फोनमधून. 'तुझ्यासारखीनं जपायला हवं गं,' असं नणंद म्हणायची. जपायचं म्हणजे काय करायचं? बाहेर पडायला बंदी, चालायला गच्ची नाही, घरात फक्त भात आणि गव्हाचं पीठ. मी मला सुचलं ते केलं. खाणं बंद केलं.

उपास हा आपल्याकडं फार सोयीचा आडोसा आहे. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी. कुणी विचारत नाही, उलट कौतुक होतं. घरात धान्य पुरवायचं होतं, वजन उतरवायचं होतं, आजाराची भीती होती, आणि तिन्हीला एकच उत्तर मिळालं, मी आज उपाशी. आमच्या घरात बाई शेवटी जेवते हे तर आधीपासूनचंच. तिनं जेवलंच नाही तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. मग रात्री मुलं झोपली की ओट्यापाशी उभ्यानं उरलेला भात, त्यावर कच्चं तेल आणि तिखट, मुलांसाठी ठेवलेली बिस्किटं, डब्यातलं फरसाण. चव कळायची नाही. पोट दुखेपर्यंत हात थांबायचा नाही. सकाळी डबा रिकामा बघून मुलगा विचारायचा, आणि मी त्या लाजेपोटी पुन्हा दिवसभर काही खायचे नाही. असं महिनोन्महिने चाललं आणि वजन वाढत गेलं. बघणाऱ्याला दिसायचं ते एवढंच, घरात बसून जाड झाली.

याला बिंज ईटिंग म्हणतात, हे मला फार नंतर सरकारी दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ मॅडमकडून कळलं. थोड्या वेळात खूप खाणं, थांबवता न येणं, मग स्वतःची किळस वाटणं. असं आठवड्यातून निदान एकदा आणि सलग तीन महिने होत असेल तर तो आजार धरतात. 2013 पासून अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या आजारांच्या यादीत त्याला स्वतंत्र जागा आहे. मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी इथं मुद्दाम लिहिते. दिवसभर उपाशी ठेवलेलं शरीर रात्री वसुली करतं. पुढचं जेवण मिळेल की नाही याची खात्री नसेल तर ती वसुली जास्त जोरात होते. माझ्या बाबतीत उपाशी राहणं अर्धं मीच ठरवलेलं होतं आणि अर्धं रिकाम्या खिशानं. शरीराला त्यातला फरक कळत नाही.

या सगळ्याच्या मध्ये मी वजन कमी करण्याचं एक ऑनलाइन पॅकेज घेतलं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही. हप्त्यानं पैसे भरले, त्यासाठी कानातली गहाण ठेवली. त्यांनी पाठवलेल्या तक्त्यात सकाळी बदाम-अक्रोड, दुपारी पनीर किंवा चिकन, रात्री सूप, आणि भात-चपाती पूर्ण बंद. रेशनवर तर तांदूळ आणि गहूच मिळतात. मी कळवलं की पनीर परवडत नाही. उत्तर आलं की आरोग्यात गुंतवणूक करायला शिका. रोज ताटाचा फोटो ग्रुपवर टाकायचा, चुकलं तर सगळ्यांसमोर त्यावर बोट ठेवायचे. त्या ग्रुपमध्ये असताना माझं रात्रीचं खाणं सगळ्यात वाईट होतं. ज्यांच्या स्वयंपाकघरात निवड करायला जागा आहे, त्यांना त्या तक्त्याचा उपयोग होत असेल. माझ्यासारखीला त्यातून फक्त लाज मिळते, तीही विकत.

थाळीपर्यंत मी पोचले ती दुसऱ्या लाटेत. 13 एप्रिल 2021 ला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी निर्बंध जाहीर केले, त्यात दोन गोष्टी आमच्या कामाच्या वाटल्या. परवानाधारक रिक्षाचालकांना 1500 रुपये आणि शिवभोजन थाळी मोफत. परवाना रिक्षामालकाच्या नावावर, त्यामुळे पहिली गोष्ट आमची नव्हती. दुसरीसाठी कुठला दाखला लागत नव्हता. भाड्यानं रिक्षा चालवणारा, धुणीभांडी करणारी, दुकानातून काढलेली, या सगळ्यांना कागद न मागता मिळालेली माझ्या माहितीतली ती एकमेव मदत. याचे गुण मी आधीच देऊन टाकते.

रांगेत खडूनं गोल आखले होते. मार्केटातले हमाल, सोसायट्यांचे वॉचमन, पेठांमधली खोली परवडेना म्हणून इकडं आलेली एमपीएससीची पोरं, कचरा वेचणाऱ्या मावश्या. मी उभी राहिले तेव्हा मागून एकजण मोठ्यानं म्हणाला, 'यांना कशाला फुकट पाहिजे? बघा की अंग.' माझे पाय मागं वळले होते. टोकन देणाऱ्या मावशी तिथूनच म्हणाल्या, 'टोकन आहे ना ताईंकडं? मग व्हा पुढं, खोळंबा करू नका.' त्यांनी माझी बाजू घेतली असंही नाही, त्यांनी मला रांगेतली एक म्हणून धरलं. पॅकेटमध्ये चपात्या, पिशवीत वरण, भाजी, भात. मला तेवढंच हवं होतं.

त्या माणसाचं म्हणणं कितीजणांच्या मनात असतं! गरीब म्हणजे हाडं दिसणारा, आणि जाड म्हणजे खाऊन-पिऊन सुखी. दोन्ही एकाच अंगात असू शकतं हे कुणाच्या पचनी पडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची 2019-21 ची पाचवी फेरी बघा. देशातल्या 24 टक्के स्त्रियांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त आणि 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय. या दोन गटांतल्या पुष्कळ बाया एकच असणार, मी त्यातलीच. माझं हिमोग्लोबिन कमी आणि पोटाचा घेर मोठा. पीठ, भात, साखर आणि तेल यांवर जगलं की असंच होतं. पोट भरतं, रक्त भरत नाही.

माझी मुलगी आता नर्सिंगला आहे. तिनं मला पुण्याच्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामाबद्दल सांगितलं. 1993 पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बाया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. आपली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. पण आपल्या बाळांमध्ये जे कमी भरलं ते स्नायू आणि आतले अवयव, कातडीखालची चरबी जवळजवळ तेवढीच राहिली. आईच्या पोटात अन्न अपुरं पडलं की शरीर चरबी राखून ठेवायला शिकतं, आणि पुढं मधुमेहाची वाट सोपी होते. हे ऐकलं त्या रात्री मी आईला करमाळ्याला फोन केला. 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची, मी तेव्हा पोटात होते. मिलो या परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, एवढंच तिचं खाणं. माझं वजन किती भरलं होतं ते कुणी मोजलं नाही. पण माझ्या अंगाची गोष्ट माझ्या जिभेपासून सुरू होत नाही, हे मला सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं, आणि मी रडले.

आणि कोरोनाचा धोका जास्त असं ज्यांना बजावलं, त्यांच्यासाठी पुढं काय केलं? 1 मार्च 2021 ला 45 ते 59 वयाच्या आजारी लोकांना लस सुरू झाली. 20 आजारांची यादी होती, तिच्यात लठ्ठपणा नव्हता. 1 एप्रिलला 45 वरच्या सगळ्यांना लस खुली झाली तेव्हा माझा नंबर लागला. घाबरवताना आम्ही पहिल्या रांगेत आणि राखताना यादीबाहेर, हे मला आजही लागतं.

आता थाळीनं मला काय केलं ते. आठ-पंधरा दिवसांत फरक पडला नाही. पण रोज दुपारी ठरलेल्या वेळी ठरलेलं जेवण मिळणार, आणि ते उद्याही मिळणार, हे शरीराला हळूहळू पटायला लागलं. एक मूद, दोन चपात्या. ताट कुणी वाढून देतं, त्यामुळे किती घेऊ, घेऊ की नको, हा डोक्यातला दिवसभराचा झगडा तिथं नसतो. केंद्रावर बसून जेवण पुन्हा सुरू झालं तेव्हा आणखी बरं झालं. चार लोकांमध्ये बसून, भाताचा घास वरणात कालवून, दिवसाउजेडी जेवायचं. माझ्या आजाराला अंधार आणि एकटेपणा लागतो, इथं दोन्ही मिळत नाहीत. दुपारी जेवलेली असले की रात्री ओट्यापाशी जाणं कमी झालं. पूर्ण थांबलं नाही, भाडं थकलं की अजून होतं. वजन थोडंसं उतरलं, लोकांच्या डोळ्यांत भरण्यासारखं नाही. मॅडम म्हणतात, काट्याकडं बघू नका, रात्री किती वेळा उठलात ते बघा. त्या हिशेबानं मी पुष्कळ बरी आहे. आमच्या मॅडमनी सांगितलेल्या उपायांमध्ये पहिला उपाय होता ठरलेल्या वेळी जेवण, उपास बंद. बदाम-अक्रोड त्या यादीत कुठंच नव्हते.

आता कापलेला गुण. हे ताट सगळ्यांना सारखं आहे आणि कामं सारखी नाहीत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या मापानं बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला 1660 किलोकॅलरी लागतात, जड कष्ट करणारीला 2720. काउंटरवर उभं राहणाऱ्या मला हे एका वेळेचं जेवण पुरतं. माझ्या शेजारी बसणाऱ्या कचरा वेचणाऱ्या मावशी पहाटेपासून ढकलगाडी ओढतात, त्यांना ते चार वाजेपर्यंतही पुरत नाही. मग संध्याकाळी वडापाव आणि चहा. त्यांनी एकदा आणखी एक चपाती मागितली, वाढणाऱ्या ताई मान हलवून म्हणाल्या, 'देता येत नाही हो मावशी, माप आहे.' माझी अर्धी मूद मी त्यांना दिली असती, पण त्या घेईनात. दुसरी गोष्ट, प्रथिनं. पातळ 100 ग्रॅम वरणात डाळ असून असून किती असणार! बाईला दिवसाला साधारण 46 ग्रॅम प्रथिनं लागतात, या ताटातून त्यातला छोटा हिस्सा मिळतो. बटाट्याची भाजी, भात आणि चपाती म्हणजे पुन्हा तेच पीठ. रक्तक्षय असलेल्या बाईला यातून पुरेसं लोह मिळत नाही.

केंद्र चालवणाऱ्यांवर याचं खापर मला फोडायचं नाही. सुरुवातीला शहरात एका थाळीचा खर्च 50 रुपये धरला होता, ग्रामीण भागात 35. गिऱ्हाइकाचे 10 वजा जाता उरलेले सरकार देतं. तेल आणि डाळीचे भाव त्यानंतर कुठं गेले ते प्रत्येक घराला माहीत आहे. त्यात केंद्रचालकांची देयकं महिनोन्महिने थकल्याच्या बातम्या 2025 मध्ये राज्यभरातून आल्या. एवढ्या ओढाताणीत कुणी वरण घट्ट करणार नाही. आमच्या केंद्रावरच्या बाया बचत गटातल्या आहेत, हात राखून काम करत नाहीत, हे मी रोज बघते.

कुणी जावं? ज्यांना दुपारचं जेवण टाळायची सवय लागली आहे त्यांनी जरूर जावं. मधुमेह असलेल्यांनी भात निम्मा वाढायला सांगावा, ऐकतात. सोबत घरून एखादा कांदा, काकडी किंवा मूठभर मोड आलेली मटकी न्यावी. तिथं कुणी हरकत घेत नाही. लहान मुलांना नेत असाल तर वरण वेगळं वाटीत मागा, तिखट असतं. जाड आहात म्हणून रांगेत उभं राहायला लाजत असाल, तर माझ्याकडं बघून उभं राहा, मी बहुतेक दिवस साडेबाराच्या सुमारास तिथंच असते.

सरकारला आमच्या रांगेचं मागणं आहे, कचरा वेचणाऱ्या मावशींनी आणि मी मिळून केंद्रावरच्या वहीत लिहिलंय. जड काम करणाऱ्याला मागेल तर दोन चपात्या जास्त. आठवड्यातून दोनदा उसळ, आणि खाणाऱ्यांना उकडलेलं अंडं. केंद्रांची देयकं दर महिन्याला. आणि भिंतीवर वजन कमी करण्याचे फलक लावण्याऐवजी महिन्यातून एकदा सरकारी दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ मॅडमना इथं बसवा, जेवून उठलेल्या बाया त्यांच्याशी नक्की बोलतील.